चिमायोची वाकडी मिरची

१९ डिसेंबर १६८१. रिओ ग्रांदे नदीच्या काठावर स्पॅनिश सैन्याच्या छावणीत एका ऐंशी वर्षांच्या कैद्याची जबानी चालू होती. नाव पेद्रो नारान्हो, राहणार सान फेलिपे. आज अमेरिकेचं न्यू मेक्सिको राज्य आहे तिथल्या पुएब्लो लोकांनी आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पोपे या पुढाऱ्याच्या हाकेला ओ देऊन उठाव केला होता. चारशेच्या आसपास स्पॅनिश मारले गेले, उरलेले दक्षिणेला एल पासोपर्यंत पळाले. पोपेने मग फर्मानं काढली. क्रूस मोडा, घंटा फोडा, नदीत उतरून बाप्तिस्मा धुऊन टाका. आणि स्पॅनिशांनी आणलेलं बी जाळा. वाडवडलांचा मका आणि घेवडा तेवढा पेरा. म्हाताऱ्या नारान्होने सांगितलं की लोकांनी बाकी सगळं ऐकलं, पण बियांच्या बाबतीत ऐकलं नाही. काहींनी ते बी पेरलंच.

या जबानीत मिरचीचं नाव वेगळं घेतलेलं नाही. पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १५८० च्या दशकात, बाल्तासार ओब्रेगोन या स्पॅनिश बखरकाराने लिहून ठेवलं होतं की या लोकांकडे मिरची नाही, त्यांना पेरायला बी देण्यात आलं. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते सैनिक, त्यांचे कुटुंबकबिले आणि काही हजार जनावरं घेऊन उत्तरेला वसाहत करायला आला आणि मिरची तिथे कायमची रुजली. उठाव बारा वर्षांत विझला, स्पॅनिश परत आले; मधल्या काळात मिरची काही संपली नव्हती. आज इस्लेता, कोचिती, हेमेझ या पुएब्लो गावांच्या नावाने ओळखली जाणारी गावरान मिरची आहे. नारान्होच्या सान फेलिपेचीही आहे.

गंमत अशी की पोपेला जे ‘परक्यांचं बी’ वाटलं असेल, ते मुळात त्याच खंडातलं. दक्षिणेला मेक्सिकोत माणसाने मिरची माणसाळवून सहा हजार वर्षं तरी झाली होती. उत्तरेकडच्या कोरड्या पठारांवर मात्र ती पोहोचली स्पॅनिशांच्या गाड्यांतून. त्याच, सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला उतरली. स्पेन-पोर्तुगालच्या स्वयंपाकघरात मांस टिकवायची एक जुनी रीत होती, व्हिनेगर आणि लसूण लावून मुरवण्याची. गोव्यात त्या रीतीला मिरची भेटली आणि विंदालू झालं. न्यू मेक्सिकोत डुकराचं मांस लाल मिरचीच्या वाटणात, लसूण आणि ओरेगानो घालून रात्रभर मुरवतात, मग मंद आचेवर शिजवतात. त्याला ‘कार्ने अदोवादा’ म्हणतात. दोन्ही पदार्थांचं कूळ एकच. न्यू मेक्सिकोच्या पदार्थातून पुढे व्हिनेगर जवळजवळ गळालं. गोव्यात ते टिकलं.

सांता फेच्या उत्तरेला सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांच्या पायथ्याशी चिमायो हे खेडं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फुटांवर. १६९२ नंतर स्पॅनिश परतले तेव्हा या खोऱ्यात वस्ती वाढली. अठराव्या शतकात लोकांनी इथे एक चौक बांधला. चारही बाजूंना एकमेकांना चिकटलेली मातीची घरं, बाहेरच्या अंगाला भिंत, आत मोकळी जागा. हल्ल्याच्या भीतीने बांधलेल्या या चौकाच्या मध्ये देवळापुढचं पटांगण नव्हतं, मळे होते आणि त्यांना भिजवणारा पाट होता. वेढा पडला तरी भाजीपाला आतच पिकावा, हा हिशेब.

हे पाट, म्हणजे ‘असेकिया’, त्या मुलखाचा कणा. मूर मुसलमानांकडून स्पेनने शिकलेली ही विद्या. नदीवर छोटा बांध घालायचा, पाणी उताराने खेळवायचं, प्रत्येकाची पाळी ठरवायची. वसंतात सगळ्या वाटेकऱ्यांनी फावडं घेऊन यायचं आणि पाट साफ करायचा. न येणाऱ्याने बदली माणूस द्यायचा. पाणी सोडणारा पाटकरी गावानेच निवडायचा. धुळे-नाशिककडची पांझरा खोऱ्यातली फडपद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. यातले कित्येक पाट आजही वाहतात आणि त्यांच्या सभा आजही भरतात, भांडणांसकट.

मिरचीला खरं म्हणजे ऊब आणि लांब हंगाम हवा. चिमायोत दोन्हींची वानवा. वसंतात उशिरापर्यंत हिव पडतं आणि शरदात लवकर परत येतं. बी सरळ जमिनीत टाकायचं, आणि दोन गारठ्यांच्या मधल्या अवधीत रोप वाढून, फुलून, फळ लाल झालं पाहिजे. जी झाडं मागे पडली त्यांचं बी पुढच्या वर्षी घराच्या मडक्यात गेलंच नाही. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली, कुणी वही न ठेवता. त्यातून जी मिरची घडली ती लवकर लाल होणारी, पातळ सालीची, तीन ते सहा इंच लांब आणि वाकडी. एकाच झाडावर एक फळ आकड्यासारखं तर दुसरं पिळवटलेलं. मधमाश्या मिरचीचे परागकण एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात, म्हणून शेजारी दुसरं वाण असलं की बी भेसळतं. इथे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला मध्ये टेकड्या आणि उजाड माळ, त्यामुळे चिमायोची वेगळी राहिली, वेलार्देची वेगळी, एस्पान्योलाची वेगळी.

पातळ साल हे दुर्गुणाचं लक्षण नव्हे. ती उन्हात लवकर वाळते. तोडणी झाली की बायका-मुलं अंगणात बसून दोऱ्यात मिरच्या ओवायची. माणसाच्या उंचीच्या त्या जाड लाल माळा, ‘रिस्त्रा’, छपराच्या वाशांना टांगायच्या. आज विमानतळावरच्या दुकानात शोभेसाठी मिळणारी रिस्त्रा तेव्हा वर्षाचं वाळवण होतं आणि जवळजवळ चलनही. चिमायोची माणसं गाडीत रिस्त्रा भरून उत्तरेला सान लुइस खोऱ्यात जायची आणि बदल्यात बटाटे, गहू घेऊन यायची. तिकडे थंडी इतकी की मिरची होत नाही. रेल्वे आल्यावर एस्पान्योलाच्या दुकानदारांनी रिस्त्रा घेऊन उधारीची खाती वळती करायला सुरुवात केली. १८८० मध्ये कोलोराडोकडून एस्पान्योलापर्यंत आलेल्या अरुंद रुळांच्या त्या फाट्याला लोकांनी नावच दिलं, ‘चिली लाइन’. १९४१ मध्ये तो बंद झाला.

स्वयंपाकात या मिरचीचं स्थान आपल्याकडच्या तिखटासारखं चमच्याने मोजायचं नाही. ती स्वतःच रस्सा असते. देठ खुडायचे, बी झटकायचं, साली कोमट पाण्यात भिजवून वाटायच्या, चरबीत लसणीबरोबर परतायच्या, मीठ, जरासं ओरेगानो, संपलं. टोमॅटो घालणारा तिथल्या आज्यांच्या नजरेतून उतरतो. हा लाल रस्सा निळ्या मक्याच्या तोर्तियांच्या, म्हणजे पातळ भाकऱ्यांच्या, थरांवर ओततात आणि वर तळलेलं अंडं ठेवतात. नाताळच्या आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात सोललेल्या मक्याचं आणि डुकराच्या मांसाचं ‘पोसोले’ करतात, त्यातही हाच. ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपासात मांस वर्ज्य, तेव्हा फेसलेल्या अंड्याची भजी तळून याच रश्श्यात सोडतात.

बाहेरून आलेल्यांना हे झेपेना. जोसाया ग्रेग हा व्यापारी १८३० च्या दशकात सांता फेच्या वाटेने ये-जा करत होता. १८४४ च्या आपल्या पुस्तकात त्याने तक्रार केली की इथल्या प्रत्येक जेवणात, जवळजवळ प्रत्येक पदार्थात लाल मिरची असते आणि तिच्याखाली मूळ पदार्थाची चवच हरवते. हिरवी तर हे लोक भाजीसारखी खातात. दोन वर्षांनी, १८४६ च्या उन्हाळ्यात, सुसान मॅगॉफिन ही जेमतेम एकोणीस वर्षांची नवविवाहिता व्यापारी नवऱ्याबरोबर त्याच वाटेने आली. एका खेड्यात तिच्यापुढे मांस, हिरवी मिरची आणि कांदा यांचं कालवण आणि तोर्तिया आल्या. काटा-चमचा नाही. दोन घासांतच तिने हार मानली, आणि रोजनिशीत तसं प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी फौजेने सांता फे घेतलं. न्यू मेक्सिको अमेरिकेत गेला. आता मिरचीसमोर एक नवं गिऱ्हाईक होतं, पैसेवालं, पण जिभेने नाजूक.

त्या गिऱ्हाइकासाठी मिरची बदलली एका पोरक्या मुलाने.

फाबियान गार्सिया १८७१ मध्ये मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात जन्मला. आईबाप गेलेले, आजीने त्याला सीमेपलीकडे आणलं, लोकांच्या घरी काम करून वाढवलं. मेसियाच्या एका सधन बागाईतदार कुटुंबाने नातवंडागत त्याच्या शिक्षणाची सोय केली. लास क्रूसेसच्या नव्या कृषी महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत तो होता. पुढे तो तिथेच प्राध्यापक झाला आणि १९१३ मध्ये तिथल्या प्रयोग केंद्राचा संचालक. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला असं पद मिळणं त्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती.

गार्सियाने पाहिलं की शेतात मिरचीचे प्रकार सतरा आणि भरवसा कशाचाच नाही. एकाच वाफ्यातलं एक फळ जाळ, दुसरं अळणी. वर मर रोगाने उभी रोपं सुकत. त्याने लास क्रूसेस भागातल्या मळेवाल्यांकडून पासिया, कोलोराडो आणि निग्रो या स्थानिक प्रकारांच्या चौदा ओळी गोळा केल्या आणि वर्षानुवर्षं त्यांतून निवड करत गेला. रोगाने आणि त्याच्या कडक कसोटीने एकेक ओळ गळत गेली. उरली नववी. १९२१ मध्ये महाविद्यालयाच्या पत्रिकेतून ‘न्यू मेक्सिको क्रमांक ९’ ची माहिती शेतकऱ्यांपर्यंत गेली.

क्रमांक ९ चे गुण वाचले की त्यामागचा कारखाना दिसू लागतो. फळ मोठं, गुळगुळीत, गरदार, टोकाकडे निमुळतं आणि देठाजवळ खांदे नसलेलं. खांदे का नकोत? हिरवी मिरची डबाबंद करायची तर भाजून साल काढावी लागते, आणि देठाजवळच्या घड्यांत साल अडकून बसते. वाकड्या मिरचीचंही तेच दुखणं. तिखटपणाही जाणूनबुजून उतरवलेला, इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला सोसेल इतका. (त्याआधी, १९१२ मध्ये, विल्बर स्कोव्हिल या औषधतज्ज्ञाने तिखटपणा मोजायची रीत काढली होती: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं व्हावं.) आज ‘न्यू मेक्सिकोची’ म्हणून जी लांब, सरळ, मांसल मिरची जगभर ओळखली जाते, तिचा वंश क्रमांक ९ पर्यंत जातो.

गार्सियाला गावरान मिरचीचा मारेकरी ठरवायचा मोह काहींना होतो. तो अन्याय आहे. ज्या चौदा ओळींतून त्याने एक काढली त्या गावच्या बायाबापड्यांनीच राखलेल्या होत्या, आणि हे त्याने लपवलं नाही. पत्रिकेच्या नावातच ‘देशी मिरचीचं सुधारित वाण’ असं होतं. त्याच्या वाणाने गरीब शेतकऱ्याला नगदी पीक दिलं. १९४८ मध्ये तो वारला तेव्हा आपली सगळी मिळकत त्याने महाविद्यालयाला दिली, गरीब स्पॅनिशभाषक मुलांच्या वसतिगृहासाठी. त्याचा दोष असलाच तर एवढाच की त्याच्या कसोट्यांत चवीला रकाना नव्हता. आणि ती चूक त्याच्या एकट्याची नव्हे, विसाव्या शतकाच्या सगळ्या शेतीशास्त्राची.

डबाबंद करण्याच्या तंत्राने जेवणाचाही तोल बदलला. पूर्वी हिरवी मिरची म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटची चैन; वर्षभराची मिरची लालच. १९२९ पासून फाबिओला काबेसा दे बाका ही सरकारी विस्तार-सेविका खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना प्रेशर कुकरने बरण्या भरायला शिकवू लागली. ती स्वतः तिथल्या जुन्या घराण्यातली, स्पॅनिश तर घरचीच, शिवाय पुएब्लो लोकांच्या भाषाही शिकलेली. १९३२ मध्ये रेल्वे अपघातात तिचा एक पाय गेला, तरी फिरती थांबली नाही. नवं तंत्र शिकवता शिकवता ती जुन्या पाककृती टिपून घेत गेली आणि त्या पुस्तकरूपाने छापल्या. आज त्या स्वयंपाकाबद्दल जे लेखी उरलंय, त्यात तिचा वाटा मोठा. बरणी आली, मग घरोघरी फ्रीझर आला, आणि हिरवी मिरची बारमाही झाली. १९९६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘लाल की हिरवी?’ हा राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्य केला. हॉटेलात वाढपी हाच प्रश्न विचारतो. दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. २०२३ मध्ये भाजलेल्या हिरव्या मिरचीच्या वासालाही कायद्याने राज्याच्या सुगंधाचा मान मिळाला. विधिमंडळांनी याहून वाईट कामं केलेली आहेत.

गार्सियाच्या गादीवर पुढे बसला रॉय नाकायामा. जपानी स्थलांतरित शेतकऱ्याचा मुलगा, दोन्या आना परगण्यातच वाढलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढला, जर्मनांच्या कैदेत पडला, हाडांचा सापळा होऊन परतला. आणि ज्या महाविद्यालयातून युद्धावर गेला होता त्यानेच जपानी वंशाचा म्हणून त्याला प्रवेश नाकारला. जुने प्राध्यापक पाठीशी उभे राहिले तेव्हा दार उघडलं. १९७५ मध्ये त्याने ‘बिग जिम’ हे वाण दिलं, हॅचच्या एका शेतकऱ्याच्या नावाचं, फूटभर लांबीपर्यंत जाणारं. भरून तळायच्या मिरचीसाठी यासारखी सोय नाही. रिओ ग्रांदेच्या काठचं हॅच हे गाव तोवर मिरचीची राजधानी म्हणवू लागलं होतं. ऑगस्ट सुरू झाला की दुकानांपुढे गॅसच्या ज्योतीवर फिरणारे जाळीचे पिंप लागतात, लोक पोत्याने मिरची भाजून घेतात आणि फ्रीझर भरतात.

मग एक विचित्र गोष्ट झाली. हॅचच्या जुन्या शेतकऱ्यांची कुरकुर सुरू झाली की १९५० च्या दशकातलं ‘६-४’ हे वाण पूर्वीसारखं लागत नाही. महाविद्यालयाचे मिरचीतज्ज्ञ पॉल बॉसलंड यांनी कोलोराडोतल्या राष्ट्रीय बीजकोशात गोठवून ठेवलेलं त्याच वाणाचं मूळ बी मागवलं, उगवलं आणि पुन्हा निवड केली. चवीचे आणि वासाचे काही घटक चालू बियाण्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. शेतकऱ्यांची जीभ खोटं बोलत नव्हती. पन्नासेक वर्षं उत्पन्नाकडे बघून बी धरलं गेलं आणि चव नकळत निसटली. त्या बियाण्याला नाव दिलं ‘हेरिटेज ६-४’. प्रयोगशाळेत जन्मलेली मिरचीसुद्धा अशी ‘वारसा’ झाली. गार्सियाच्या वहीत नसलेला रकाना त्याच्याच महाविद्यालयाने अखेर भरला.

दरम्यान धंदा आटत होता. १९९२ मध्ये राज्यात ३४,५०० एकरांवर मिरची होती, तो उच्चांक. त्यानंतर मेक्सिको, चीन आणि भारतातून स्वस्त मिरची येऊ लागली; तोडणी हाताने करावी लागते आणि मजूर मिळेनात. क्षेत्र घटत दहा हजार एकरांच्या खाली आलं. यंत्राने तोडता येईल अशी मिरची घडवायला जनुक बदलण्याचं संशोधन हवं, असं उद्योगातले काही म्हणू लागले. उत्तरेकडचे पाटांचे वाटेकरी आणि पुएब्लो गावं खवळली. त्यांनी २००६ मध्ये बीज-सार्वभौमत्वाचा जाहीरनामा काढला. त्यांची भीती जुनीच होती. मधमाशीला कुंपण कळत नाही, आणि गावरान बी एकदा भेसळलं की ते निवडून काढता येत नाही.

चिमायोत संकट वेगळ्या वाटेने आलं होतं. १९४३ मध्ये रिओ ग्रांदेपलीकडे लॉस अलामोसला अणुबॉम्बची प्रयोगशाळा उभी राहिली आणि खोऱ्यातली माणसं रोख पगारासाठी रोज तिकडे जाऊ लागली. मळे ओस पडले. मिरचीचं नाव मात्र मोठं होत गेलं. १८१६ मध्ये पुरं झालेलं चिमायोचं देऊळ हे अमेरिकेतलं मोठं तीर्थ आहे. गुड फ्रायडेला हजारो लोक मैलोन्‌मैल चालत येतात, तिथली पवित्र माती नेतात, आणि जाताना लाल तिखटाची पुडी. इतक्या पुड्या भरतील एवढी मिरची त्या खोऱ्यात पिकतच नाही. मग बाहेरची मिरची चिमायोच्या नावाने खपू लागली. उरलेल्या शेतकऱ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या घरांतून बी गोळा केलं, ते वाढवून वाटलं, आणि चिमायोच्या नावाला प्रमाणचिन्हाची कायदेशीर नोंदणी मिळवली. राज्याने २०११ मध्ये कायदा करून राज्याबाहेरची मिरची न्यू मेक्सिकोची म्हणून विकण्यावर बंदी आणली. गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन याच जातीचं शस्त्र आहे, आणि नागपूरकडच्या भिवापुरी मिरचीचंही.

शस्त्र असलं तरी चालवणारा हात लागतो. चिमायोची मिरची एकरी कमी पिकते, हातानेच तोडावी लागते, उन्हातच वाळवावी लागते. म्हणून तिचं तिखट बाजारातल्या साध्या तिखटाच्या कितीतरी पट महाग पडतं. ते तसंच असायला हवं. स्वस्त मिळालं तर ते चिमायोचं नाही. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक सुट्टीत सांता फेला जातात. त्यांनी तिथल्या शेतकरी बाजारात शेतकऱ्याकडूनच तिखट घ्यावं आणि मळा कोणत्या पाटावर आहे ते विचारावं. खरा शेतकरी पाटाचं नाव लगेच सांगतो. आणि ऑगस्टमध्ये ‘यंदाचं ताजं’ म्हणून लाल तिखट कुणी पुढे केलं तर पुडी खाली ठेवावी; चिमायोची मिरची लाल होऊन, वाळून, दळून यायला ऑक्टोबर उलटतो.